आई-वडील शिकलेले नसतील तर पहिलीत जाणाऱ्या मुलाची घरी तयारी कशी करून घ्यावी? अक्षरांचे तक्ते वाटले तर उपयोग होईल का?

तक्ते वाटू नका. ज्या आईला ते वाचता येत नाहीत, तिला भिंतीकडे बघून आपल्याला काही येत नाही एवढंच रोज आठवेल.

मी दापोली तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका गावात अंगणवाडी सेविका होते. आमच्याकडच्या एका पोरीची आई लिलाव झाला की बंदरावर मासळी निवडायला बसायची. पोर शेजारी. आईचा हात चालू, तोंडही चालू. "मांदेली इकडे टाक, कोळंबी तिकडे. बारकी वेगळी काढ. किती झाली? आता ह्यातली मोठी कुठली?" पोरगी निवडायची, मोजायची, चुकली तर परत निवडायची. "ह्याला काटे का गो नाहीत?" असं विचारायची आणि आई सांगायची. पहिलीच्या गणिताला आणि भाषेला ह्याहून वेगळं काय लागतं?

शाळेत नाव घालायला गेलो तर गुरुजींनी तिच्या हातात पेन्सिल देऊन 'अ' काढायला सांगितला. तिने पेन्सिल मुठीत धरली. "घरी काहीच घेतलेलं नाही, पुढच्या वर्षी आणा." आईने मान खाली घातली. पोरीला सहा पूर्ण होती. शिक्षणहक्क कायद्याचं कलम 13 सांगतं की प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेता येत नाही. ते मी तिथेच ऐकवलं, नाव लागलं. पण निघताना गुरुजी म्हणाले, "अडाणी आई काय तयारी करणार?" ते वाक्य मला अजून डाचतं.

लहान मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डीला अनुताई वाघांना सोबत घेऊन बालवाडीचं काम सुरू केलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं हेच साहित्य. हे आपल्याच किनाऱ्यावर झालंय, आणि आपण अजून तक्ते वाटतोय.

बापालाही धरा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे शाळा सुरू होते तेव्हा तो घरी जाळी दुरुस्त करत असतो. पोराला जाळ्याचा फाटका तुकडा आणि जाड दोरा द्यायला सांगा. गाठी मारून, शेंगा सोलून बोटांत जोर आला की पेन्सिल नीट धरायला सोपं जातं. रात्री दिवसभरातलं काहीतरी पोराच्या तोंडून ऐकायचं, घरच्याच बोलीत. "शुद्ध बोल" म्हणून अडवायचं नाही. शर्टाची बटणं, डब्याचं झाकण, शी लागली हे बाईंना सांगणं, हे स्वतःचं स्वतःला जमलं पाहिजे. पहिल्या आठवड्यातलं निम्मं रडणं ह्यावरूनच असतं.

चित्रांची पुस्तकं मात्र जरूर द्या, आईला चित्रांवरून गोष्ट रचता येते. आणि तीन वर्षांचं मूल हाकेला वळत नसेल किंवा बोलत नसेल तर घरच्या उपायांवर थांबू नका, अंगणवाडीत तपासणीला डॉक्टर येतात त्यांना दाखवा. दिवसभर राबून आलेल्या बाईला वेगळा अभ्यास घ्यायला लावू नका, करत असलेल्या कामातच पोराशी बोलायला सांगा.

पालकांची सभा घ्यायचीच असेल तर मेमध्ये, बंदी लागायच्या आधी, लिलाव आटोपल्यावर बंदरावरच घ्या. बोलायला अशाच एखाद्या आईला उभी करा. आणि शाळेतल्या गुरुजींना ऐकायला बोलवा.