रेल्वेचे पैसे कोणी भरले?

तुमचा प्रश्न असा: साम्राज्यवादाची कारणं आणि आर्थिक परिणाम काय, आणि रेल्वे, तार, बंदरं मिळाल्यामुळे वसाहतींचा फायदाही झालाच ना? पहिला अर्धा भाग पाठ्यपुस्तकात मिळेल. दुसरा मला झोंबला, कारण माझी सगळी नोकरी रेल्वेत गेली, मालवाहतुकीच्या हिशेबात.

तरी कारणं सांगतो. कारखान्यांना कच्चा माल हवा होता, तयार मालाला गिऱ्हाईक हवं होतं आणि लंडनमध्ये साठलेल्या पैशाला बिनधोक व्याज हवं होतं. युरोपातल्या सत्तांची आपसातली चढाओढही होती, त्याशिवाय १८८४-८५ ची बर्लिन परिषद आणि आफ्रिकेची वाटणी समजणार नाही. ‘सुधारणा करायला आलो’ हे समर्थन होतं, कारण नव्हतं.

आता रेल्वे. माझे मोठे साडू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मोठे इंजिनिअर होते. त्यांचं ठरलेलं वाक्य: “इंग्रज नसते तर आपण अजून बैलगाडीतच असतो.” खामगावला एका लग्नाला आम्ही जलंबहून त्या छोट्या गाडीने निघालो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी उभी. अण्णांनी खिडकीतून हात बाहेर काढून रुळांकडे बोट दाखवलं आणि सुरू झाले. मांडवात तर चार लोकांसमोर मला म्हणाले, “तुम्ही तरी असं बोलू नका, तुमचं घर रेल्वेच्या पगारावर उभं राहिलंय.”

मी त्यांना एवढंच विचारलं: अण्णा, ही लाईन खामगावलाच का संपते? पुढे जालन्याला का गेली नाही? खामगाव-जालना मार्गाची मागणी लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. ही शाखा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंच्या हस्ते सुरू झाली, कारण खामगावला कापसाचा मोठा बाजार होता. गाठी जलंबला आणायच्या, तिथून मुंबई, तिथून लिव्हरपूल. बाजार आला की रूळ संपले. माणसांना कुठून कुठे जायचंय हा विचार त्यात नव्हता. बडनेऱ्याहून अमरावतीला गेलेला फाटाही कापसासाठीच. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांनी आपल्या ताब्यात घेतला १८५३ मध्ये, आणि बोरीबंदर-ठाणे गाडी धावली तीही त्याच वर्षी. शाळेत आम्हाला फक्त गाडीची तारीख पाठ करायला लावली.

आणि पैसे? जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) सारख्या कंपन्यांशी १८४९ पासून जे करार झाले त्यांत भागधारकांना ५ टक्के व्याजाची हमी होती. जमीन फुकट. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे मुख्यतः शेतसाऱ्यातून भरायची. मग खर्च आटोक्यात कोण ठेवणार? व्हाइसरॉयच्या मंडळात पूर्वी अर्थखातं सांभाळलेले मॅसी यांनीच १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे कबूल केलं, की व्याज पक्कं असल्यावर आपला पैसा हुगळी नदीत टाकला काय किंवा विटा-चुन्यात घातला काय, भांडवलदाराला फरक पडत नव्हता. त्यात व्याज पौंडात. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळपास दोन शिलिंग (वीस शिलिंगांचा एक पौंड) मिळत, १८९४ पर्यंत सव्वा शिलिंगही मिळेना. म्हणजे तेवढ्याच पौंडांसाठी इथल्या शेतकऱ्याने जास्त रुपये मोजायचे. आयुष्यभर जमा-खर्च जुळवलेल्या माणसाला हे वाचून राग येणारच.

अण्णा म्हणाले, तंत्रज्ञान तर आलं. आलं ना! अजमेर आणि जमालपूरच्या कामगारांनी एकोणिसाव्या शतकातच इंजिनं बांधून दाखवली. तरी मागणी जात राहिली ती बहुतेक इंग्लंडलाच. मोठ्या प्रमाणावर इंजिनं बांधणारा चित्तरंजनचा कारखाना उभा राहिला १९५० मध्ये. हात इथे होते, ठरवणारे तिथे. जपाननेही पहिल्या रेल्वेसाठी लंडनचंच कर्ज काढलं होतं, इंग्रज इंजिनिअर आणले होते, पण पुढचे निर्णय त्यांचे त्यांनी घेतले.

परिणामांचं आणखी एक उदाहरण आपल्या दाराशीच आहे. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या कापडगिरण्यांचा कापूस अडला, इथले भाव आभाळाला भिडले. शेतकऱ्याने कर्ज काढून पेरा वाढवला. युद्ध संपलं, भाव कोसळले, सारा आणि व्याज तसंच राहिलं. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जाचे दस्तऐवज जाळले. सुपं वऱ्हाडात नाही, पुणे जिल्ह्यात आहे, पण फास तोच. आणि मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या तर १८९६ पासून त्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी, म्हणजे इथे तयार झालेल्या मालावरचा कर, का तर आयात कापडावर जकात आहे म्हणून मँचेस्टरला जड जाऊ नये. हा कर १९२५ पर्यंत चालला.

काही गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. लुटीत आपले सावकार आणि अडते सामील होते. रेल्वेमुळे पुढे धान्य लवकर पोचू लागलं हेही खरं, तरी १८९९-१९०० मध्ये रूळ असलेल्या वऱ्हाडात माणसं भुकेने मेली. जगाच्या उत्पन्नात भारताचा वाटा १७०० मध्ये चोवीस टक्के होता तो १९५० मध्ये चारवर आला, हा अर्थ-इतिहासकार अँगस मॅडिसन यांचा अंदाज सगळे तोंडावर फेकतात. ती सगळी घट लुटीची नाही. बाकीचे देश कारखान्यांमुळे पुढे गेले, हेही त्यात आहे. आपल्याला का जाता आलं नाही, ते वर लिहिलंय.

परीक्षेसाठी हवं असेल तर दादाभाई नौरोजींपासून सुरुवात करा. आणि वऱ्हाडचं जुनं इंग्रजी गॅझेटिअर मिळालं तर कापसाचं प्रकरण वाचा. अण्णांना मी तेच पाठवलंय. इंग्रज अधिकाऱ्यांनी स्वतः लिहिलेलं आहे, त्यामुळे ते मी पक्षपाती आहे असं म्हणू शकणार नाहीत.