क्लायंटला विचारलंस का?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

ईएमडीआरचा (मानसिक आघातावरची थेरपी) कोर्स करू, डीबीटीचा (तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी थेरपी) करू की समुपदेशनाचं हे क्षेत्रच सोडू, या तुझ्या प्रश्नाला मी आज उत्तर देणार नाही. तुझ्या मेसेजमध्ये एक ओळ तू लिहिलीस आणि घाईने पुढे गेलीस: दोन क्लायंट "बरं वाटतंय, मॅडम" म्हणाले आणि पुढच्या वेळी आलेच नाहीत. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे.

तू त्यांना विचारलं होतंस कसं? तोंडी, सेशन संपताना, ते चपला घालत असताना. अगं, आपल्याकडे डॉक्टरांना, मास्तरांना, मॅडमना तोंडावर "काही फरक नाही" असं कोण म्हणतं? तुला वाईट वाटू नये म्हणून माणूस बरं वाटतंय म्हणतो, फी देतो आणि यायचं थांबतो. याला भिडस्तपणा म्हणतात. फाइलमध्ये ती सुधारणा म्हणून लिहू नकोस.

म्हणून विचार. कागदावर विचार, आकड्यात विचार, दर वेळी विचार.

पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य मोजायची प्रश्नावली, मराठीत आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, गुण शून्य ते सत्तावीस, भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. चिंतेसाठी तशीच जीएडी-७ आहे. सेशनच्या शेवटी दहापैकी गुण द्यायला सांगून आणखी थोडं विचार: ज्यावर बोलायचं होतं त्यावर आज बोलणं झालं का, मी तुमचं म्हणणं नीट ऐकलं का. इथे दरवेळी दहापैकी दहा देणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. ज्या दिवशी कुणी सहा देईल, त्या दिवशी मनापासून आभार मान आणि काय राहिलं ते विचार. आणि कागद भरून घेऊन फाइलला लावून टाकायचा असेल तर भरूनच घेऊ नकोस. त्यांच्यासमोर बघ. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला, शून्याशिवाय काहीही उत्तर असेल तर त्या दिवशीचं ठरवलेलं सगळं बाजूला ठेवून आधी त्याबद्दल बोलायचं. यात तडजोड नाही.

तू म्हणशील, मला चेहरा वाचता येतो. सगळेच म्हणतात! अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात थेरपिस्टना विचारलं, तुमचे कोणते क्लायंट थेरपीच्या शेवटी आधीपेक्षा वाईट अवस्थेत असतील? साधारण आठ टक्के तसे असतात, हेही आधी सांगितलं होतं. २००५ साली तो अभ्यास छापून आला. ५५० क्लायंटपैकी ४० जण खालावले. थेरपिस्टनी नावं दिली तिघांची, त्यातलं बरोबर निघालं एक. २०१२ मध्ये १२९ व्यावसायिकांना स्वतःचं कौशल्य आजमावायला सांगितलं, तर एकालाही आपण सरासरीपेक्षा खाली आहोत असं वाटलं नाही. आणि २०१६ चा अभ्यास तर माझ्यासारख्यांनी भिंतीवर लावावा: १७० थेरपिस्ट, साडेसहा हजारांवर रुग्ण, आणि अनुभव वाढत गेला तसे परिणाम सरासरीने सुधारले नाहीत, किंचित घसरलेच. माझे केस या कामात पांढरे झालेत. तेव्हा "अनुभवातून येईल" असं तुला मी तरी सांगणार नाही.

मी आधी जिथे काम करायचे तिथे यावरून पुष्कळ वाद घातले. सहकारी म्हणायचे, माणूस आकड्यात मावतो का? नाही मावत. "बरं वाटतंय" या दोन शब्दांतही तो मावत नाही, पण ते तुम्ही बिनदिक्कत नोंदवता! शेवटी मी तिथून बाहेर पडले. हट्टी म्हणून नाव झालं, ते अजून आहे, आणि मला त्याचं फारसं काही वाटत नाही. खंत वेगळीच आहे. दोघी-तिघी नव्या मुली कुतूहलाने येऊन विचारायच्या आणि माझा सगळा जोर मीटिंगमध्ये जिंकण्यात जायचा. त्यांना शिकवायचं राहिलं. त्याची थोडी भरपाई तुझ्या माथी मारते आहे, असं समज.

कागदाने कुणी बरं होत नाही, हेही सांगते. सगळे अभ्यास एकत्र केले तर या विचारण्याचा सरासरी फायदा लहानच दिसतो. तो जास्त दिसतो ज्यांची गाडी अडलेली असते त्यांच्यात, म्हणजे तुझ्या त्या दोघांसारख्यांत. चार सेशन झाली आणि आकडा जागचा हलला नाही, तर गप्प बसून सहावं सेशन पाचव्यासारखं घेऊ नकोस. क्लायंटशी बोल, ध्येय बदल, पद्धत बदल, केस सुपरव्हिजनला, म्हणजे आपल्या चर्चेला, आण, लागलं तर सायकियाट्रिस्टकडे पाठव.

आता तुझे कोर्स. पीटीएसडीसाठी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणाऱ्या त्रासासाठी, ईएमडीआरला चांगला आधार आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये त्याची शिफारस केली. पण तुझ्याकडे तसे क्लायंट किती आहेत? गोव्यात 'संगत' या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी केली. समुपदेशक होते साधे स्थानिक लोक, मानसशास्त्राची पदवी नसलेले. एकच पद्धत, वर्तन सक्रिय करण्याची, म्हणजे सुटलेली कामं आणि भेटीगाठी ठरवून पुन्हा सुरू करायच्या. सहा ते आठ सेशन. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर होते, नेहमीच्या उपचारांवरच्या गटात ३९ टक्के. हे समुपदेशक एकमेकांच्या सेशनची रेकॉर्डिंग ऐकून गुण द्यायचे. तुझं एक तरी सेशन क्लायंटच्या परवानगीने रेकॉर्ड करून तू कुणाला ऐकवलं आहेस? मग चाळीस हजारांचा कोर्स कसला करतेस!

आणि तुझी झोप. रात्री दोनला मेसेज पाठवतेस आणि लिहितेस, "मी ठीक आहे." मला तुझं ठीक नको, झोपेची डायरी हवी: अंथरुणावर कधी पडलीस, झोप कधी लागली असेल, किती वेळा उठलीस, सकाळी कधी उठलीस. दोन आठवडे. निद्रानाशाला आधी गोळी नाही, सीबीटी-आय (झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी थेरपी) द्या, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं, आणि सीबीटी-आयची सुरुवात या डायरीपासूनच होते. क्लायंटला देतेस ना? स्वतः भर. दिवसाला सात क्लायंट घेणंही बंद कर. सातव्याला काय मिळतं, ते त्याच्याच कागदावर दिसेल.

त्या दोघांना फोन कर. परत या म्हणून नाही. "आपल्या सेशनमध्ये तुम्हाला काय उपयोगी पडलं नाही, ते सांगाल का?" एवढंच विचार आणि उत्तराच्या मध्ये बोलू नकोस. पुढच्या सुपरव्हिजनला येताना तीन क्लायंटचे आकडे, तुझी डायरी आणि एक रेकॉर्डिंग घेऊन ये. कोर्सचा फॉर्म आणलास तरी चालेल, तो आपण सगळ्यात शेवटी बघू.

तुझी
ताई