कुठलं पुस्तक घेऊ, मॅडम?

जुलै २०२५ मधली गोष्ट. भर पावसात तेवीस वर्षांचा एक मुलगा आईला घेऊन कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्याकडे अभ्यासाचा सल्ला विचारायला आला. त्याला आपण सागर म्हणू, हे त्याचं खरं नाव नाही. बी.कॉम. झालेला, तीन वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. पुण्यात आयटी सपोर्टची नोकरी मिळावी म्हणून त्यानं ए प्लस परीक्षा द्यायचं ठरवलं होतं. कॉम्प्युटर दुरुस्ती आणि सपोर्टच्या कामाचं सर्टिफिकेट देणारी ही परीक्षा कॉम्पटिया ही कंपनी घेते.

"दोन महिने झालं मॅडम, काय वाचायचं तेच ठरंना," तो म्हणाला आणि पिशवी टेबलावर रिकामी केली. एक जाडजूड पुस्तक, मित्राकडचा पेनड्राइव्ह, 'हमखास येणारे प्रश्न' म्हणून टेलिग्रामवरून उतरवून घेतलेल्या कागदांचा गठ्ठा. शिवाय एका ऑनलाइन कोर्सची फी भरलेली. आई हळूच म्हणाली, "भिशीचं पैसे उचलून दिलं ह्याला. आता म्हणतोय आणखी एक पुस्तक पाहिजे."

ही काळजी घेऊन माझ्याकडे पुष्कळ मुलं येतात. घरच्यांना तो आळस वाटतो. मला तसं कधीच वाटलं नाही. चुकीचं पुस्तक धरलं तर घरचे पैसे आणि वर्ष दोन्ही जाईल, या धास्तीनं मुलं साहित्य गोळा करत राहतात.

मी आधी पुस्तकावरचा क्रमांक पाहिला. २२०-११०१ आणि २२०-११०२. हे ए प्लसच्या दोन पेपरांचे क्रमांक, आणि दोन्ही पेपर एकाच मालिकेतले द्यावे लागतात. मार्च २०२५ मध्ये १२०१ आणि १२०२ ही नवी मालिका सुरू झाली होती आणि जुनी सप्टेंबरमध्ये बंद होणार होती. म्हणजे जुन्यासाठी हातात जेमतेम अडीच महिने. सागरचा चेहरा उतरला. "म्हणजे पैसे पाण्यातच की." तसं नव्हतं. रॅम, प्रिंटर, केबल यांची मूळ माहिती काही रातोरात बदलत नाही. पुस्तक वापरायचं, पण कुठला भाग वाचायचा हे नव्या अभ्यासक्रमावरून ठरवायचं.

तो अभ्यासक्रम कंपनी स्वतःच फुकट देते. ही मुलं हजारो रुपये घालतात आणि तो कागद तेवढा उघडत नाहीत, याची मला दर वेळी हळहळ वाटते. खालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट आणली आणि त्याच्या हातात दोन पेनं दिली. जे काम स्वतःच्या हातानं केलंय त्याला हिरवी खूण, जे कधी ऐकलंही नाही त्याला लाल. पहिल्या पेपरात हार्डवेअरला २५ टक्के वजन, हार्डवेअर आणि नेटवर्कच्या बिघाडांना २८ टक्के. तिथं हिरवंच हिरवं झालं. लाल मुख्यतः नेटवर्किंगमध्ये, ज्याला २३ टक्के आहेत, आणि क्लाउडमध्ये. बराच वेळ तो नुसता त्या कागदाकडे बघत बसला.

मग मी टेलिग्रामच्या गठ्ठ्यातला एक प्रश्न त्याला वाचायला सांगितला. लेझर प्रिंटरमधून निघालेल्या कागदावर हात फिरवला की अक्षरं पुसली जातात, बिघाड कशात? उत्तर छापलं होतं, टोनर. सागर पटकन म्हणाला, "चुकलंय हे. फ्यूजर गेलेला असतो. टोनर कागदावर पडतोय, पण गरम होऊन चिकटंना झालाय." असे चोरीचे प्रश्न वापरायला परीक्षेच्या करारातच मनाई आहे, सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, हे मी त्याला सांगितलं. पण तोवर त्यानं गठ्ठा आपणहून बाजूला सारला होता.

खरी अडचण अजून पुढेच होती. पुस्तकातलं अर्धं पान मोठ्यानं वाच म्हटलं, तर चार ओळींनंतर तो थांबला. शाळा मराठी माध्यमाची. "वाचता येतंय मॅडम, पण पान उलटलं की मागचं जातंय." दोन महिने हेच तो कुणाला बोलला नव्हता, आईलासुद्धा नाही. इंग्रजी जड जातंय हे कबूल करण्यापेक्षा पुस्तक बदलणं सोपं होतं.

म्हणून एक प्रयोग ठरला. विषय एकच, डीएचसीपी, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला आपोआप पत्ता देणारी व्यवस्था. पुस्तकात वाचायचा, भरलेल्या कोर्समध्ये बघायचा, यूट्यूबवरच्या एका मोफत मालिकेत बघायचा आणि प्रत्येक वेळी आईला मराठीत समजावून सांगायचा. आठवड्यानं आला तो उजळलेल्या चेहऱ्यानं. "अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्यांना भक्तनिवासात खोली देत्यात ना, तसं हाय. खोली मुदतीपुरती, मुदत वाढवली न्हाई तर ती दुसऱ्याला. आणि पत्ता १६९.२५४ नं सुरू झाला, तर काउंटरवर कुणी भेटलंच न्हाई म्हणायचं." 'नेट येत नाही' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा राउटर तो रोज बंद-चालू करून द्यायचा. त्यामागचं कारण त्याला आत्ता उमगलं होतं.

हे जमलं मोफत मालिकेमुळे. तिथला शिकवणारा सावकाश बोलतो, खाली अक्षरं येतात. भरलेला कोर्स त्याच्या उपयोगाचा नव्हता. हे आईला सांगणं मला अवघड गेलं. "ताई, ते पैसे गेले. वसूल करायला म्हणून तो कोर्स बघत बसला, तर आणखी दोन महिने जातील." त्या गप्प राहिल्या, मग मान हलवली.

शेवटी ठरलं ते एवढंच. लाल खुणांसाठी व्हिडिओ, हार्डवेअर उजळणीला जुनं पुस्तक, आणि नव्या मालिकेचा एकच सराव संच. तो घड्याळ लावून सोडवायचा, कारण ९० मिनिटांत ९० पर्यंत प्रश्न असतात आणि त्यातले काही पडद्यावर करून दाखवायचे असतात. प्रश्नात 'फर्स्ट' किंवा 'बेस्ट' शब्द आला की त्याला गोल करायचा, हेही ठरवलं. चारही उत्तरं बरोबर वाटतात आणि खरा प्रश्न त्या एका शब्दात असतो. मराठीत विचार करणारी मुलं तिथंच फसताना मी पाहिली आहेत.

नोव्हेंबरात पहिला पेपर सुटला. उत्तीर्ण व्हायला ९०० पैकी ६७५ लागतात, दुसऱ्याला ७००. दुसऱ्या पेपरच्या अभ्यासक्रमावर मात्र कामकाजाच्या पद्धतींचं पान कोरंच होतं. तिकीट, म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार, नोंदवणं, चिडलेल्या गिऱ्हाइकाशी बोलणं, असलं काही कोण विचारणार, असं त्याला वाटलं होतं. त्या पानाला २१ टक्के आहेत म्हटल्यावर तो चकित झाला. "गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, हे पण मार्कात धरत्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानात एक वही घातली. कोण आलं, काय बिघडलं, काय केलं, किती वेळ लागला.