सोरायसिस आहे, म्हणजे सांधे जाणारच का?

"मॅडम, या रोगात बोटं वाकडी होतातच म्हणे. मग विड्या कोण वळणार?"

सोलापूरच्या पूर्व भागातल्या, पस्तिशीच्या एका विडी कामगार ताईंचा हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) कोपरांवर आणि डोक्यात बरीच वर्षं सोरायसिस या त्वचारोगाचे चट्टे. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, त्यामुळे बोटं थांबली की चूल थांबली. शेजारणीने कुणाच्या तरी वाकड्या हातांची गोष्ट सांगितली आणि ताईंची झोप उडाली. "आता काय उपयोग?" म्हणून मलमही सोडलं.

जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर सोरायसिसच्या १०० रुग्णांपैकी साधारण २० जणांना सांध्यांचा आजार आढळतो. काही पाहण्यांत ३० पर्यंत, तर भारतातल्या काही त्वचारोग विभागांत १० च्या आसपास. कोणते रुग्ण तपासले आणि सांधे कोणी बघितले, यावर हा आकडा बराच हलतो. बहुतेकांना तो होत नाही, हे मी ताईंना आधी सांगितलं. पण पाचातला एक म्हणजे थोडा नव्हे. "काही होत नाही" म्हणून पाठवून देणं मला पटत नाही.

मग त्यांचे हात बघितले. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. विडीचं तोंड नखाने मुडपतात, त्यामुळे ताई ते कामावर ढकलत होत्या. सोरायसिस नखांत उतरला असेल तर सांध्यांचा धोका वाढतो. बोटं मात्र संध्याकाळी दुखायची आणि रात्रीच्या विश्रांतीने बरी व्हायची. हे दुखणं बहुधा कष्टाचं. या आजाराचं दुखणं उलट वागतं: सकाळी सांधे आखडतात, अर्धा तास किंवा जास्त वेळ मोकळे होत नाहीत, हालचाल केली की सैल पडतात. कधी एखादं अख्खं बोट सुजून जाड होतं.

"सकाळी काहीच दुखत नाही?"

"टाच दुखते की. ती फरशीमुळं."

टाचेचा त्यांनी सांध्यांशी संबंधच लावला नव्हता. पण स्नायूबंध हाडाला चिकटतो तिथे या आजारात सूज येते, आणि टाच त्यातली नेहमीची जागा. सकाळचं पहिलं पाऊल टेकवत नव्हतं, पाऊण तासाने चालता यायचं. हे महिनोन् महिने चाललेलं.

मी त्यांना संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. घरच्यांचं म्हणणं, रक्ताची संधिवाताची तपासणी तर निगेटिव्ह आली होती. या आजारात त्या तपासणीतला 'आरए फॅक्टर' बहुधा निगेटिव्हच असतो, त्यावर निर्धास्त होऊ नये. सांध्यांच्या याच आजाराचं निदान झालं, सुरुवातीच्या टप्प्यातच. उपचार लांबले तर सांध्यांची झीज कायमची होऊ शकते, म्हणून ते लवकर होणं फार कामाचं.

मेथोट्रेक्सेट सुरू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून ताईंच्या लेकीने कॅलेंडरवर सोमवारांना लाल खूण केली. गरोदरपणात ती चालत नाही, म्हणून त्याबद्दलही डॉक्टरांनी आधीच विचारून घेतलं. मलम पुन्हा सुरू आहे. विड्याही वळतात, मधे उठून चार पावलं टाकत.

ताईंच्या भावालाही डोक्यात सोरायसिस आहे, दुखत काहीच नाही. त्याला घाबरवायचं कारण नाही, फक्त त्वचेच्या डॉक्टरांना दाखवताना वर्षातून एकदा सांधे, नखं आणि टाचाही बघून घ्यायला सांगितलंय. तो अजून गेलेला नाही.