अमेरिकेतली खेडी ओस पडत चालली आहेत का?

प्रश्न असा आहे : 'मिडवेस्टमधली (अमेरिकेच्या मध्य-उत्तर पट्ट्यातली) शेतीवाली खेडी गेल्या चाळीस वर्षांत रिकामी झाली म्हणतात. खरं आहे का?'

एका गावापुरतं सांगतो. आयोवा राज्याच्या वायव्य भागातलं स्टॉर्म लेक. ब्यूना व्हिस्टा काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) मुख्य ठिकाण. बायको तिथल्या विद्यापीठात शिकवायची, म्हणून २०१६ पासून आम्ही तीन वर्षं तिथे होतो. आजूबाजूची बरीच गावं खरंच ओसरली, पण हे भरलं. कशामुळे, तर डुकरांमुळे.

आधी पडझड ऐका. आयोवात जमिनीचा सरासरी भाव १९८१ मध्ये एकराला २,१४७ डॉलर होता, १९८६ मध्ये ७८७ वर आला. चढ्या भावात आणि चढ्या व्याजाने जमीन घेतलेले त्यात बुडाले. आमच्या घरमालकीणबाई म्हणायच्या, तेव्हा शेजाऱ्याच्या लिलावाला जायचं म्हणजे मयताला गेल्यासारखं वाटायचं.

त्याच सुमारास, १९८१ मध्ये, गावातला युनियनवाला डुकराच्या मांसाचा कारखाना बंद पडला. १९८२ मध्ये त्याच जागी आयबीपी ही मांस कंपनी आली (आता ती टायसन या दुसऱ्या मांस कंपनीकडे आहे). युनियन गेली, पगारही बराच उतरला. त्या पगारात सुऱ्या चालवायला मग बाहेरून माणसं आली. आधी लाओसकडची (१९७५ मध्ये राज्यपाल रॉबर्ट रे यांनी ताई दाम जमातीच्या निर्वासितांना आयोवात आसरा दिला होता), नंतर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. १९९० मध्ये गावात पावणेनऊ हजार माणसं होती, २०२० मध्ये सव्वाअकरा हजार. गंमत म्हणजे अख्ख्या काउंटीचा आकडा १९८० मध्ये २० हजारांच्या थोडा वर होता आणि २०२० मध्येही तेवढाच. नुसता आकडा बघणाऱ्याला वाटेल, इथे काही घडलंच नाही.

काउंटीचं नाव १८४७ च्या लढाईवरून पडलंय. अमेरिका तेव्हा मेक्सिकोशी लढत होती! शाळेतली बहुसंख्य मुलं आता तिकडच्याच मुळांची. स्पॅनिश नाव गोरे म्हातारे 'ब्वेना' ऐवजी 'ब्यूना' असं उच्चारतात, ते ऐकून ही पोरं हसतात.

मी सांगलीकडचा. क्षारपड रानात सच्छिद्र पाइप पुरून निचरा काढताना लहानपणापासून पाहिलंय. आयोवात मक्या-सोयाबीनच्या रानांखालीही तसेच पाइप आहेत. पाण्याबरोबर खतातलं नायट्रेटही वाहतं आणि रॅकून नदीतून थेट डी मॉईन शहराच्या नळापर्यंत पोचतं. यावरूनच २०१५ मध्ये तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने ब्यूना व्हिस्टासह तीन काउंट्यांवर दावा लावला. काउंट्यांच्या वकिलांचं बिल गुपचूप कोण भरतंय, याचा पिच्छा गावातले संपादक आर्ट कलन यांनी अग्रलेखांतून पुरवला. त्यांचं 'स्टॉर्म लेक टाइम्स' हे वर्तमानपत्र घरच्याच माणसांनी चालवलेलं, आठवड्यातून दोनदा निघायचं. मार्च २०१७ मध्ये दावा फेटाळला गेला आणि एप्रिलमध्ये त्या अग्रलेखांना पत्रकारितेतलं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

घरमालकीणबाईंनी त्या बातमीचा अंक कपाटात जपून ठेवला. त्यांच्या भावाच्या सगळ्या रानाखाली पाइप. त्याने अंक उलटसुलट केला आणि म्हणाला, "अक्षरं फार बारीक छापतात हल्ली."