त्यांनी ऐकलं, मी पाहिलं

प्रश्न : २८ जून २०२४ ला सकाळी साडेसहाला आम्ही टीव्हीवर अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीची बायडेन-ट्रम्प वादचर्चा लावली. मुलगा अमेरिकेचा नागरिक झालाय, यंदा पहिल्यांदाच मत देणार, म्हणून मुद्दाम. ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर पट्टी. ते पडून नुसतं ऐकत होते. बायडेन बोलता बोलता अडकले, शून्यात बघत राहिले, तेव्हा मला रडूच आलं. आमचे हेही ऐंशीच्या घरातले आहेत. पुढचं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. हे मात्र ट्रम्पवर चिडले होते, "सरळ विचारलं तरी उत्तर देत नाही!" मी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलं आणि चेहऱ्यावरून मत बनवलं, याची टोचणी लागली आहे. माझं पाहणं चुकलं का? — एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : ताई, चुकलं नाही. मी २२ वर्षं रेडिओवर बातम्या वाचल्या, त्यामुळे माझा ओढा तुमच्या ह्यांच्याकडे असणार असं वाटेल. पण त्या सकाळी बायडेन यांचा घसा बसलेला होता, वाक्यं मध्येच तुटत होती, आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच ते 'आम्ही अखेर मेडिकेअरला हरवलं' असं बोलून गेले. मेडिकेअर म्हणजे तिथल्या ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा! हे डोळे मिटूनही कळत होतं. तुम्हाला जे दिसलं ते खरंच होतं.

अशा वेळी १९६० चा दाखला हमखास देतात. शिकागोच्या स्टुडिओत तेव्हाचे अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन वादचर्चेसाठी समोरासमोर आले. निक्सन गुडघ्याच्या दुखण्यातून नुकते उठलेले, वजन उतरलेलं, फिकट सूट मागच्या भिंतीत मिसळून गेलेला. टीव्हीवाल्यांना केनेडी जिंकले असं वाटलं, रेडिओवाल्यांना निक्सन, असं सांगतात. मीही वर्षानुवर्षं सांगत आलो. पण त्याचा आधार एक छोटीशी पाहणी आहे आणि तिच्यावर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. कानाला खरं कळतं आणि डोळा फसतो, इतकं सोपं ते नाही.

मात्र २०२४ च्या मांडणीने डोळ्याला जास्त काम दिलं, हे नक्की. अटलांटाच्या त्या स्टुडिओत प्रेक्षक नव्हते, पाळी नसलेल्याचा माइक बंद होता आणि पडद्यावर बराच वेळ दोघे शेजारी शेजारी दिसत होते. एक बोलत असताना दुसऱ्याचा गप्प चेहराही आपण वाचत होतो. बायडेन यांचं तोंड किंचित उघडं राहायचं. माइक बंद असल्यामुळे ट्रम्प यांना मध्ये घुसता येत नव्हतं, म्हणून ते एरवीपेक्षा संयमी वाटले. मला हे फार खटकलं. तो संयम यंत्राचा होता.

आता तुमच्या ह्यांचं. निवडणुकीचा निकाल मान्य कराल का, हे सूत्रसंचालक डॅना बॅश यांनी ट्रम्प यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं ते अटीचं : निवडणूक न्याय्य, कायदेशीर झाली तर. ते तुमच्या ह्यांनी नेमकं पकडलं. रडू आलेलं असताना तुमच्या कानांवरून ते निसटलं, यात शरम वाटण्यासारखं काय आहे?

तुमचं पत्र आलं त्यानंतर, २१ जुलैला, बायडेन यांनी माघार घेतली. म्हणजे तुम्हाला जे दिसलं त्याचा निकाल लागला. मुलगा मत देणार होता, त्याला ह्यांनी ऐकलेलं आवर्जून कळवण्यासारखं होतं. ट्रम्प तेव्हाही मैदानात होते आणि वादचर्चेतलं त्यांचं उत्तर तेच होतं.