सकाळच्या पहिल्या सेल्फलाच गाडी मिसिंग मारते, नंतर दिवसभर ठणठणीत

प्रश्न (देवगड) : नमस्कार दादा. माझी 2016 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, चार सिलेंडर, 70 हजारच्या वर चाललीय. पाऊस लागल्यापासून हा त्रास सुरू झालाय, सकाळी सेल्फ मारला की गाडी लगेच चालू होते पण दहा-पंधरा सेकंद अख्खी थरथरते, सायलेन्सरमधून फट फट आवाज येतो, चेक इंजिनची लाइट लुकलुकते आणि मग आपोआप सगळं शांत. रोज होत नाही. दोन दिवस काहीच नाही आणि तिसऱ्या दिवशी परत. गॅरेजला नेली की एकदम गुणी बाळासारखी चालते. त्यांनी थ्रॉटल बॉडी साफ केली, चारही प्लग बदलले, महिनाभर बरं वाटलं, आता परत तेच. आता म्हणतात चारही कॉइल बदला, नाहीतर इंजिन खोलावं लागेल. कूलंट कमी होत नाही, धूरही नाही. गाडी घरासमोर खळ्यात फणसाखाली उभी असते. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी एक विनंती, इंजिन खोलायला अजिबात हो म्हणू नका आणि चार कॉइलचे (कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) पैसेही एवढ्यात देऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात अर्धं निदान आहेच, फक्त ते कुणी नीट ऐकून घेतलेलं नाही.

हा फॉल्ट फक्त थंड इंजिनला, पहिल्या सेल्फला येतो. तुम्ही घरून गाडी चालू करून गॅरेजपर्यंत नेता तेव्हा इंजिन गरम झालेलं असतं, ओल सुकलेली असते, म्हणजे फॉल्ट वाटेतच निघून गेला, आता मेकॅनिक बघणार काय आणि सापडणार काय? म्हणून संध्याकाळी गाडी गॅरेजला सोडा, रात्रभर तिथेच उघड्यावर राहू दे, आणि सकाळी पहिला सेल्फ मेकॅनिकनेच मारायचा, तोही आधी स्कॅनर लावून. बऱ्याच गाड्यांत लाइव्ह डेटामध्ये कुठला सिलेंडर किती वेळा चुकला, म्हणजे त्यात पेट्रोल पेटलंच नाही, ते आकड्यात दिसतं. ही एक गोष्ट झाली तरी निम्मं काम झालं असं समजा.

आता स्कॅनरवर दिसणाऱ्या फॉल्टच्या कोडबद्दल. P0301 ते P0304 म्हणजे त्या त्या नंबरचा सिलेंडर, आणि P0300 म्हणजे कुठला एक ठरत नाही, इकडे तिकडे चुकतंय. लाइट लागून राहिली नाही तरी कोड बऱ्याचदा पेंडिंगमध्ये बसलेला असतो, तो वेगळा उघडून बघावा लागतो. आणि बॅटरीची वायर काढून 'रिसेट' करू देऊ नका, त्याने कोड पुसला जातो आणि हातात काहीच उरत नाही. समजा P0302 आला, तर दोन नंबरची कॉइल काढून तीनवर लावायची, तीनची दोनवर. बाकी कशालाही हात लावायचा नाही. पुढच्या वेळी P0303 आला तर कॉइल दोषी, दोनवरच राहिला तर प्लगची अदलाबदल, तरीही दोनवरच असेल तर मग इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. एका वेळी एकच वस्तू हलवायची, एका दिवसात चार वस्तू बदलल्या तर बरं कशाने झालं ते कुणालाच कळत नाही.

आता तुमच्या गाडीत मला काय वाटतं ते. पाऊस लागल्यावर सुरू झालं, कूलंट जागेवर आहे, धूर नाही, आणि गाडी झाडाखाली उभी असते, त्यामुळे माझा पहिला संशय प्लगच्या खड्ड्यात शिरणाऱ्या पाण्यावर आहे. वायपरच्या खाली जी प्लास्टिकची जाळी असते तिच्या आत पाणी वाहून जायला दोन्ही बाजूंना वाट असते. फणसाची मोठी पानं जाळीवरच अडकतात पण देठं, कुजलेला पाला, बारीक कचरा आत जातो आणि ती वाट बुजते. मग पाणी जाळीतून उतू जातं, आणि काही गाड्यांत ते सरळ इंजिनवर, कॉइलच्या डोक्यावर ठिबकतं. हे बघायला मेकॅनिकही लागत नाही, जाळीवर एक तांब्या पाणी ओता आणि बोनेट उघडून ते कुठून खाली येतं ते बघा.

मग इंजिन थंड असताना एकेक कॉइल वर ओढून काढा. तिच्या खालच्या, प्लगवर बसणाऱ्या रबरी बुटाच्या तोंडाशी पांढरी-हिरवट पूड असेल, प्लगच्या षटकोनी भागावर गंजाचं वर्तुळ असेल, तर पाणी आत जातंय हे नक्की. खड्ड्यात ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय, ते बदला, ऑइलने रबर फुगून खराब होतं. आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर उभी, केसासारखी बारीक काळी रेघ दिसते का ते उजेडात धरून बघा. कॉइलमधून 20-30 हजार व्होल्टच्या घरात करंट येतो, त्याला ओलीतून सोपी वाट मिळाली की तो प्लगच्या टोकाला ठिणगी न पाडता बाहेरच्या बाहेर बॉडीला उडतो आणि जाता जाता ती रेघ जाळून ठेवतो. तशीच रेघ रबरी बुटाच्या आतूनही पडते. तुम्ही प्लग नवे टाकले पण बूट जुनेच राहिले ना, मग जुन्या बुटातल्या रेघेने नव्या प्लगलाही खराब केलं असणार, महिनाभर बरं वाटून परत त्रास सुरू झाला तो बहुतेक यामुळेच. काही कॉइलचं बूट वेगळं विकत मिळतं, ते मिळालं तर अख्खी कॉइल घ्यायची गरजच नाही. पण प्लगवरही रेघ असेल तर प्लग आणि बूट दोन्ही एकत्रच बदला.

खात्री करायची असेल तर रात्री अंधारात गाडी चालू ठेवून, बोनेट उघडून, झाडांना मारतात त्या स्प्रेच्या बाटलीने कॉइलच्या आजूबाजूला बारीक फवारा मारा. गाडी थरथरायला लागली किंवा निळसर ठिणगी सळसळताना दिसली तर जागा सापडली. चालू इंजिनवर कॉइलला हात मात्र बिलकुल लावायचा नाही, आणि फॅनपासून लांब राहायचं.

बूट बसवताना आत सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं) बोटाने लावा, अगदी पातळ. साधं ग्रीस नको, रबर फुगतं. आणि पावसात गाडी चिखलाने माखली म्हणून प्रेशर पंपाने इंजिन धुवायची जी पद्धत आपल्याकडे पडलीय ती कृपा करून बंद करा.

हे सगळं कोरडं निघालं तर पुढचं बघावं लागेल. सेल्फ मारायच्या आधी चावी नुसती ऑनवर नेऊन दोन-तीन सेकंद थांबा, परत बंद, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. असं केल्यावर मिसिंग येत नसेल तर रात्रीत पेट्रोलचं प्रेशर उतरतंय. सुरू होताना कच्च्या पेट्रोलचा वास आणि काळा धूर असेल तर एखादा इंजेक्टर रात्रभर ठिबकतोय. निळा धूर असेल तर व्हॉल्व्हचे सील. पांढरा धूर आणि कूलंट कमी होणं हे दोन्ही एकत्र असेल तर हेड गॅस्केट, पण पावसात पहाटे सायलेन्सरमधून वाफ येतेच, ती पाच मिनिटांत गेली आणि कूलंट जागेवर असेल तर घाबरू नका. P0300 येत असेल तर बॅटरी आणि अर्थिंग (बॅटरीपासून बॉडीला जाणारी वायर) आधी बघा. समुद्राजवळ खाऱ्या वाऱ्याने अर्थिंगच्या वायरीचा बोल्ट आतून गंजतो, वरून ठीक दिसतो, तो खोलून पॉलिश पेपरने घासून परत आवळा. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर तिचे दिवस भरलेत. उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही बघा, पावसात ते गरम जागा शोधत बोनेटमध्ये शिरतातच.

लाइट लुकलुकते हे मात्र हलक्यात घेऊ नका. नुसती लागून राहणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं, लुकलुकते म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा डबा) जातंय आणि तो आतून तापतोय, तो गेला तर खर्च कॉइलच्या कितीतरी पट. त्या दहा-पंधरा सेकंदांत अॅक्सिलरेटर दाबू नका आणि थरथर थांबेपर्यंत गाडी हलवू नका. मिनिटभरात थांबली नाही तर बंद करा.

प्रश्न (चिपळूण) : दादा, माझी सीएनजी गाडी सकाळी पेट्रोलवर चालू होते तेव्हा गचके देते, सीएनजीवर गेली की मस्त. पेट्रोल मी फारसं भरतच नाही, काट्यावर एक-दोन दांड्या असतात. सीएनजी किट खराब झालंय का?

उत्तर : किटचा यात संबंध दिसत नाही. उलट सीएनजीला ठिणगी जास्त जोरदार लागते, प्लग-कॉइल कमजोर असते तर आधी सीएनजीवर, कुंभार्ली घाटाच्या चढाला गाडी गचके द्यायला लागली असती. त्रास पेट्रोलच्या बाजूला आहे. टाकीत तेच पेट्रोल महिनोन् महिने पडून राहतं, त्यातला पटकन पेटणारा हलका भाग उडून जातो, उरलेलं चिकट होत जातं आणि इंजेक्टरच्या बारीक भोकांत बसतं. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, इथेनॉल पाणी ओढतं, आणि जवळजवळ रिकाम्या टाकीत दमट हवेला जागाच जागा. पंपही पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, टाकी सतत रिकामी ठेवली तर तोही लवकर जातो. नवीन पेट्रोल भरून टाकी निम्मी करा, आठवडाभर रोज थोडं अंतर पेट्रोलवरच चालवा, आणि पुढेही टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नका. एवढ्याने गचके गेले तर ठीक, नाहीतर इंजेक्टर काढून मशीनवर साफ करून घ्या आणि चारही इंजेक्टरचा फवारा सारखा पडतोय का ते समोर उभं राहून बघा.